काळा ठिपका उजळ कसा झाला



लहानपणी तुम्ही वाळूत लोहचुंबक फिरवला असेलच. कुणाच्या दारात बांधकामाची वाळू पडली की आमची अख्खी आळी त्या ढिगावर बसायची. चुंबक वर काढला की त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटलेल्या असायच्या. ते कण बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचे. आजची गोष्ट त्याच पदार्थाची आहे, पण वाळूतल्या नव्हे, माणसाच्या शरीरात सोडलेल्या कणांची.

आधी एमआरआयबद्दल थोडं. मार्च १९७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुकच्या पॉल लॉटरबर यांनी ‘नेचर’मध्ये एक चित्र छापलं. कशाचं? पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. ‘नेचर’ने तो लेख आधी नाकारला होता बरं का! पुढे २००३ मध्ये लॉटरबर आणि नॉटिंगहॅमचे पीटर मॅन्सफील्ड यांना याच कामासाठी नोबेल मिळालं.

नळ्यांत पाणी होतं हे लक्षात ठेवा. एमआरआयच्या चित्रात मुख्यतः शरीरातलं पाणी आणि चरबी दिसते. पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रं मोठ्या चुंबकात ठरावीक गतीने गिरकी घेतात. दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ, एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली. त्याच स्टेशनवर रेडिओलहर सोडली की ती उत्तर देतात.

आता या पाण्यात लोखंडाच्या ऑक्साइडचा कण टाका. तो स्वतःच छोटा चुंबक बनतो आणि शेजारच्या पाण्याचं स्टेशन हलवतो. लेझीमच्या पथकात चार जणांनी ठेका सोडला की पुढच्या दोन मिनिटांत काय होतं ते तुम्ही गणपतीत पाहिलंय. इथेही तेच. सगळे आवाज एकमेकांना खातात, सिग्नल मरतो आणि चित्रावर काळा ठिपका उमटतो.

यकृतासाठी हे उपयोगाचं होतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘फेरिडेक्स’ला मान्यता दिली. यकृतातल्या कुप्फर पेशी असे कण गिळतात, त्यामुळे निरोगी यकृत काळं पडतं. गाठीत बहुधा त्या पेशी नसतात, म्हणून गाठ उजळ राहते. २००८ मध्ये मात्र हे औषध बंद झालं.

काळ्या ठिपक्याची खरी ताकद दिसली नेदरलँड्समधल्या नायमेखनला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना त्यांच्याच रोगप्रतिकारक पेशींची लस दिली जात होती. सुई थेट लसिकाग्रंथीत जायला हवी, म्हणून डॉक्टर सोनोग्राफीत बघूनच टोचत. पेशींवर लोखंडाची खूण करून एमआरआय काढला, तर ८ पैकी ४ रुग्णांत लस ग्रंथीत गेलीच नव्हती. हे २००५ मध्ये छापून आलं. विचार करा, हे कळलं नसतं तर त्या चौघांना लस लागू पडली नाही, एवढंच म्हटलं गेलं असतं.

पण तिथे कुठे बघायचं ते माहीत होतं. पेशी शरीरात भलतीकडे गेल्या असतील तर? फुप्फुसातली हवा काळी, जुना रक्तस्राव काळा, शस्त्रक्रियेतली धातूची क्लिप काळी. यातलं लोखंड कोणतं?

उत्तर त्याच वर्षी स्टॅनफर्डहून आलं. चार्ल्स कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. नेहमीच्या स्टेशनवर लहर सोडायचीच नाही. कणांमुळे ज्या पाण्याचं स्टेशन हललंय, नेमकं तेच जागं करायचं. बाकीचं शरीर गप्प, म्हणून अंधारात, आणि कणांभोवतालचं पाणी उजळ. त्याआधी २००३ मध्ये उट्रेख्टच्या संशोधकांनी वेगळ्या युक्तीने असाच पांढरा ठिपका मिळवला होता. २००७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची पद्धत आली. तीत नेहमीच्या स्टेशनवरचं पाणी दाबून टाकतात. तिचं संक्षिप्त नाव ‘आयर्न’! नाव आधी सुचलं असावं अशी मला दाट शंका आहे.

अडचणी संपल्या नाहीत. चरबीचं स्टेशन मुळातच थोडं बाजूला असतं, हवेच्या कडेलाही ते हलतं, त्यामुळे तिथेही खोटा उजेड पडतो. शिवाय उजेड कणांवर नसतो, त्यांच्याभोवती असतो.

२०१७ मध्ये एमआयटीतल्या मौंगी बावेंडी यांच्या गटाने कणच बदलले. सुमारे ३ नॅनोमीटरचे कण केले. इतका बारीक कण पाण्याचा ठेका फारसा बिघडवत नाही, पण अणुकेंद्रांना लवकर सावरायला मदत करतो, आणि नेहमीच्याच एमआरआयमध्ये ती जागा उजळते. हे काम आजवर गॅडोलिनियम करत आलं. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा त्याच्या काही प्रकारांमुळे कडक होते, असं २००६ मध्ये लक्षात आलं आणि लोखंडाकडे पुन्हा डोळे वळले.

यातला एक कण आज कदाचित तुमच्याही घरात आला असेल. फेरुमॉक्सिटॉल हे शिरेतून द्यायचं लोहाचं औषध २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिलं जातं. क्वचित त्याची तीव्र ॲलर्जी येते, म्हणून २०१५ पासून त्यावर ठळक इशारा आहे. काही रुग्णालयं ते एमआरआयसाठीही वापरतात. रक्तक्षयासाठी घेतलं असेल तरी पुढचे ३ महिनेपर्यंत एमआरआयच्या चित्रात फरक पडू शकतो. तेव्हा घरात कुणी ते घेतलं असेल, तर एमआरआयच्या टेबलावर आडवं होण्याआधी तिथल्या माणसाला तारखेसकट सांगा. फॉर्मवर तो प्रश्न नसला तरी सांगा.