तीन हजार तीनशे पन्नास फूट

२०१५
अलास्कातल्या छोट्या विमानांना ‘कॅपस्टोन’ योजनेत अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, पूर्वी एक उपकरण दिलेलं होतं. दुसरं विमान अंगावर येऊ लागलं की ते पडद्यावर दाखवायचं आणि बोलूनही सांगायचं. आता एका ऑटर विमानात नवं उपकरण बसलं. आसपासची विमानं तेही दाखवतं, पण धोका ओळखून ओरडत नाही. सरकारने स्वखर्चाने केलेली ही ‘सुधारणा’.

११ मे २०१९
‘रॉयल प्रिन्सेस’ हे पर्यटकांचं जहाज व्हँकुव्हरहून उत्तरेला निघतं.

१३ मे, उड्डाणापूर्वी
अलास्कातल्या केचिकन बंदरातून मिस्टी फिऑर्ड्सचे कडे आणि धबधबे दाखवायला पाण्यावर उतरणारी विमानं जातात. त्याच ऑटरमध्ये वैमानिक आणि दहा प्रवासी, त्याहून लहान बीव्हरमध्ये वैमानिक आणि चार. दोन्हींत याच जहाजावरचे पर्यटक, विमान कंपन्या मात्र वेगळ्या.

ऑटरच्या कॉकपिटमध्ये एक गोल खटका आहे. तो ‘ऑफ’वर आहे, त्यामुळे विमान आपली उंची प्रसारित करत नाही. उड्डाणपूर्व तपासणीत हा खटका पाहायचा, असं कुठे लिहिलेलं नाही.

दुपारी १२ नंतर
दोघंही परतीच्या वाटेवर. ढग आहेत, पण बरेच वर. या भागात विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणारा नियंत्रक नाही. वैमानिकांनी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपला ठावठिकाणा सांगायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. मोठ्या जेट विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते (१९९६च्या चरखी दादरीच्या टकरीनंतर आपल्याकडे ती सक्तीची झाली). पैसे घेऊन पर्यटक फिरवणाऱ्या या विमानांना अशी सक्ती नाही.

साधारण १२.१७
ऑटरचा वैमानिक पडद्याकडे शेवटचं पाहतो. इतर विमानं दाखवणाऱ्या निळ्या त्रिकोणांचे दोन घोळके दिसतात, त्यातलं आपल्या वाटेवर कोणी नाही. मग तो प्रवाशांना धबधबा दाखवण्याच्या तयारीला लागतो. पर्यटक त्याचसाठी तर आलेले.

शेवटची मिनिटं
ऑटर खाली येतंय, वेग सुमारे १२६ नॉट. बीव्हर त्याच्या डावीकडे, १०७ नॉटने, ३,३५० फुटांवर सरळ चाललेलं. दोन्ही वाटा एकमेकींकडे कलत चालल्यात.

‘बघा आणि टाळा’ हा नियम इथेच लंगडा पडतो. जे विमान आपल्याला धडकणार असतं, ते काचेत सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं थांबतं आणि अगदी शेवटी एकदम मोठं होतं. माणसाचा डोळा हलणारी वस्तू पटकन टिपतो, थांबलेली नाही. त्यात तो ठिपका खिडकीच्या खांबामागे असला तर संपलंच. मोटारीच्या काचेलगतच्या खांबामागे अख्खा दुचाकीस्वार लपतो, तसंच. ऑटरच्या वैमानिकाच्या आड डाव्या खिडकीचा खांब येतो. बीव्हरच्या वैमानिकाच्या आड कॉकपिटचा सांगाडा, उजवा पंख आणि शेजारी बसलेला प्रवासी.

बीव्हरमध्ये टॅब्लेटवर इशारा देणारं ॲप आहे. पण ऑटरची उंचीच येत नसल्याने ते गप्प.

१२.२१
ऑटरच्या वैमानिकाला डावीकडे काहीतरी लखकन चमकल्यासारखं दिसतं, आणि लगेच दणका. बीव्हर हवेतच फुटतं. त्यातले पाचही जण जातात. ऑटर जॉर्ज इनलेटच्या पाण्याकडे कोसळतं. आपटण्याआधी वैमानिक त्याचं नाक थोडं वर आणतो, म्हणून अकरापैकी दहा वाचतात. एकूण मृत्यू सहा.

३१ जुलै २०२०
अलास्कातच, सोल्डॉटनाजवळ, पुन्हा एक बीव्हर आणि एक छोटं पायपर हवेत धडकतात. सात मृत्यू.

एप्रिल २०२१
अमेरिकेचं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ केचिकनच्या टकरीचा निष्कर्ष काढतं. कोणत्याही वैमानिकाच्या बेपर्वाईवर ते बोट ठेवत नाही. ‘बघा आणि टाळा’च्या मर्यादा आणि दोन्ही विमानांत न मिळालेला इशारा, ही कारणं. इशारा न देणारं उपकरण पुरवून त्याचा धोका पुरेसा न सावरल्याबद्दल एफएएचं नाव येतं. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या विमानांत आवाजी इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करा, अशी शिफारस होते. मंडळ शिफारसच करू शकतं. नियम करायचा तो एफएएनेच.