दूरदर्शनाची नेत्रमुद्रा

मराठेशाहीच्या जुन्या दफ्तरांत ज्यांनीं थोडेंबहुत लक्ष घातलें आहे, त्यांस ठाऊक आहे कीं राजपत्राच्या आरंभीं मुद्रा असे आणि शेवटीं मोर्तब असे. मुद्रेवरून पत्र कोणाचें हें कळे. मोर्तबावरून मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं एक अक्षरहि वाढवूं नये, हें कळे. 'शिक्कामोर्तब झालें' हा शब्दप्रयोग आजहि घरोघर चालतो, तो याच रिवाजामुळें. राज्यें गेलीं, कागदांचे रुमाल दफ्तरखान्यांत जाऊन पडले. परंतु सार्वजनिक संस्थेस स्वतःची अशी एक खूण हवी, ही गरज मात्र गेली नाहीं. विसाव्या शतकांत ती टेलिव्हिजनलाहि भासली. जें चित्र विजेच्या लहरींवरून घरांत येतें आणि क्षणांत नाहींसें होतें, तें कोणीं पाठविलें हें सांगण्यास मुद्रेवांचून दुसरें साधन नव्हतें.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न आधीं उभा राहिला. ब्रिटनच्या बी. बी. सी.नें १९३६ सालीं नियमित चित्रप्रसारण सुरू केलें. परंतु तिच्या टेलिव्हिजनला चालती-फिरती मुद्रा मिळाली ती १९५३ च्या डिसेंबरांत. अब्राम गेम्स या चित्रकारानें पितळेची एक फिरती रचना घडविली आणि तिचें चित्रण करून तें पडद्यावर दाखविण्यांत आलें. तिचा आकार वटवाघळाच्या पंखांसारखा दिसे, म्हणून लोकांनीं तिला तेंच नांव दिलें. अमेरिकेंतील सी. बी. एस. या खासगी कंपनीसाठीं विल्यम गोल्डन यांनीं १९५१ सालीं डोळ्याची खूण काढली. त्याच देशांतील पी. बी. एस. या सार्वजनिक संस्थेची कथा अधिक बोधप्रद आहे. १९७१ सालीं हर्ब लुबालिन यांनीं तिच्या आद्याक्षरासच माणसाच्या मुखाचा आकार दिला. पुढें १९८४ सालीं त्या एका मुखाचीं अनेक मुखें झालीं. संस्था एकाची नसून अनेकांची आहे, हा अर्थ शब्दावांचून सांगितला गेला.

भारतांत टेलिव्हिजनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. तो केवळ प्रयोग होता. आठवड्यांतून दोन दिवस थोडा वेळ कार्यक्रम होत, आणि ते दिल्लीच्या परिसरापुरतेच दिसत. १९६५ पासून ते दररोज होऊं लागले. महाराष्ट्राच्या वांट्यास हा लाभ २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, गांधीजयंतीच्या दिवशीं, मुंबई केंद्राच्या रूपानें आला. १९७५ अखेर दिल्ली, मुंबई, श्रीनगर, अमृतसर, कलकत्ता, मद्रास आणि लखनौ अशा सात शहरीं केंद्रें झालीं. परंतु हीं सर्व केंद्रें तोंवर आकाशवाणीचाच एक विभाग होतीं. धाकटा भाऊ थोरल्याच्या घरांत राहात होता; त्यास वेगळें दार नव्हतें आणि दारावर वेगळी पाटीहि नव्हती.

आकाशवाणीची मुद्रा ही मुख्यतः कानांची मुद्रा होय. मध्य युरोपांतून आश्रयार्थ मुंबईस आलेले संगीतज्ञ वॉल्टर कॉफमन यांनीं रचलेली ती सकाळची धून ऐकून मोठ्या शहरापासून खेड्यापर्यंत लक्षावधि घरांचा दिवस उगवत असे. मलकापुरासारख्या गांवीं हा भेद फार स्पष्ट होता. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हें कापसाच्या पेठेचें गांव मुंबईपासून सुमारें ५०० किलोमीटर दूर. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीस धरून लांबवर जातात, आणि रात्रीं आकाशांतील विद्युद्भारित थरावरून परतून त्याहूनहि दूर पोंचतात. म्हणून आकाशवाणी तेथें कधींच परकी नव्हती. टेलिव्हिजनच्या लहरी मात्र बहुतांशीं सरळ रेषेंत धांवतात. पृथ्वीच्या गोलाईमुळें मनोरा कितीहि उंच बांधला तरी त्यांची मजल फार तर शंभर-सव्वाशें किलोमीटरांची. तेव्हां मुंबईस चित्र दिसूं लागलें, तरी वऱ्हाडांत तें वर्तमानपत्रांत वाचण्यापुरतेंच राहिलें.

१ एप्रिल १९७६ रोजीं टेलिव्हिजन आकाशवाणीपासून विभक्त झाला आणि 'दूरदर्शन' या नांवानें स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिची मुद्रा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत तयार झाली होती. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें १९५८ सालीं भारत सरकारला सादर केलेल्या अहवालांतून ही संस्था १९६१ सालीं निर्माण झाली. स्टेट बँकेची ती सुपरिचित निळी वर्तुळाकार खूणहि याच संस्थेंतील शेखर कामत यांची, १९७१ सालची. टेलिव्हिजनच्या मुद्रेसाठीं संस्थेंत विद्यार्थ्यांनीं आठ व अध्यापकांनीं सहा अशा चौदा आकृति काढल्या. त्यांतून पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं जी पसंत केली, ती देवाशीष भट्टाचार्य या विद्यार्थ्याची निघाली. विकास सातवळेकर हे त्याच्या शिक्षकांपैकीं होत. गुरूंच्या आकृति बाजूस राहून शिष्याची आकृति राष्ट्राची मुद्रा झाली, ही गोष्ट शाळा-पाठशाळांतून सांगण्याजोगी आहे. कारण निवड नांवाची झाली नाहीं, कामाची झाली.

आकृति पाहिली तर अत्यंत साधी. मध्यें एक वर्तुळ आणि त्याच्या वर-खालीं एकमेकांस सामोऱ्या येणाऱ्या दोन वक्र रेषा. चिनी तत्त्वज्ञानांत परस्परविरुद्ध व परस्परपूरक अशा दोन शक्तींचें जें प्रसिद्ध चिन्ह आहे, त्याची छाया या वक्रांत दिसते. पण एकंदर आकार माणसाच्या डोळ्याचा. पाहणाऱ्यास तो डोळा वाटतो, आणि मधलें वर्तुळ बुबुळहि वाटतें, पृथ्वीहि वाटते. एवढेंच नव्हे, तर ही आकृति काळ्या-पांढऱ्यांत पुरी होती. त्या काळचे संच काळे-पांढरे आणि चित्र अनेकदां धूसर. बारीक नक्षी तेथें टिकलीच नसती.

स्थिर आकृतीला गति दिली ती त्याच संस्थेंतील आर. एल. मिस्त्री यांनीं. भट्टाचार्यांच्या आकृतीच्या प्रती काढून, कॅमेऱ्याखालीं त्या थोड्या थोड्या फिरवून, एकेक चित्र घेत शेवटीं डोळा पूर्ण होईपर्यंतचें चलच्चित्र त्यांनीं सिद्ध केलें. संगणक हाताशीं नसतां हें काम केवळ हाताच्या चिकाटीचें. धून पंडित रविशंकर यांनीं उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या सहकार्यानें तयार केली. खाँसाहेबांची सनई तिचा प्राण होय. अशा रीतीनें रेषा, गति आणि स्वर या तिहींचा संगम होऊन ही मुद्रा १ एप्रिल १९७६ रोजीं प्रथम पडद्यावर आली. 'सत्यं शिवं सुंदरम्' हें तिचें ब्रीद झालें.

१९८२ हें वर्ष दूरदर्शनाच्या इतिहासांत क्रांतीचें. १५ ऑगस्टपासून उपग्रहाच्या साह्यानें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नोव्हेंबरांतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें रंगीत चित्र आलें. पहिला उपग्रह इन्सॅट-१ए लवकरच निकामी झाला. १९८३ च्या इन्सॅट-१बी नें ती उणीव भरून काढली. १९८४ सालीं तर कांहीं महिने सरासरी दिवसाला एक या वेगानें लहान प्रक्षेपक उभारले गेले. उपग्रहानें पृथ्वीच्या गोलाईची अडचण दूर केली आणि जो डोळा मोठ्या शहरांपुरता होता, तो जिल्ह्या-तालुक्यांच्या गांवांस दिसूं लागला. एकाच्या घरीं संच आणि सारी आळी त्याच्या ओसरीवर, असे ते दिवस. धून कानीं पडतांच मुलें धांवत येत.

पुढें काळ पालटला. १९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या, १९९९ पासून त्या मराठींतहि आल्या, आणि प्रेक्षकांस निवड करण्याचा अधिकार मिळाला. १९९७ सालीं दूरदर्शन प्रसार भारती या महामंडळाकडे गेलें. मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीस २००० सालीं 'सह्याद्री' हें नांव मिळालें. वाहिनीगणिक मुद्रेचे रंग, छाया आणि पोत बदलत गेले. मूळचा डोळा तेवढा राहिला. २०१७ सालीं प्रसार भारतीनें नवी मुद्रा सुचविण्याचें आवाहन सर्वांस केलें. ती जुन्या आठवणी जागवील आणि नव्या भारताच्या आकांक्षाहि दाखवील, अशी अपेक्षा होती. हजारोंनीं आकृति धाडल्या. तथापि डोळा आपल्या जागीं कायम आहे. १६ एप्रिल २०२४ पासून दूरदर्शनाच्या वृत्तवाहिनीची मुद्रा लाल रंगाऐवजीं केशरी झाली. त्यावर वाद माजला. कोणीं त्यांत राजकीय पक्षाची छटा पाहिली. संस्थेनें तो केवळ दृश्य आकर्षणाचा बदल असल्याचें सांगितलें.

या वादांत कोणाचा पक्ष खरा, हें ठरविण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेणें इष्ट आहे. दुकानाची पाटी मालकाची असते. ती त्यानें उद्यां बदलली तर कोणीं हरकत घेऊं नये. सार्वजनिक संस्थेच्या मुद्रेचें तसें नाहीं. तिचा खर्च जनतेच्या पैशांतून होतो, आणि तिचा अर्थहि जनतेनें वर्षानुवर्षें पाहून घडविलेला असतो. म्हणून तिच्या रंगावरहि लोक भांडतात. हें भांडण उदासीनतेपेक्षां बरें. ज्या मुद्रेविषयीं कोणासच कांहीं वाटत नाहीं, ती संस्था लोकांच्या मनांतून केव्हांच उतरलेली असते.

परंतु केवळ आठवणींच्या बळावर कोणतीहि मुद्रा फार काळ जगत नाहीं. पूर्वीं मुद्रेला मान असे तो तिच्याखालील शब्द पाळला जात असे म्हणून; शब्द मोडला कीं शिक्का नुसता लाखेचा ठिपका उरे. दूरदर्शनाच्या मुद्रेचेंहि तसेंच आहे. डोळ्याचें काम पाहणें आणि दाखविणें. जोंवर शेतकऱ्याचें शेत, विद्यार्थ्याचा पाठ, गवयाची मैफल आणि मुलुखाची खरी वार्ता त्या डोळ्यांतून घरीं येत राहील, तोंवर त्याचा रंग कोणताहि असो, लोक त्यास आपला म्हणतील.