नीलपंखाची गणना: जिल्ह्याचा स्वयंसेवक समन्वयक नेमकं करतो काय?

जालना जिल्ह्यात कापसाच्या किंवा मोसंबीच्या शेतालगत विजेच्या तारेवर एक मळकट तपकिरी पक्षी बसलेला दिसतो. तो झेपावला की पंखांतला लख्ख निळा रंग उघडतो. हाच नीलपंख. कुणी त्याला चास म्हणतं, कुणी नीळकंठ, जरी त्याचा गळा निळा नसून तांबूस असतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानलं जातं. टोळ, नाकतोडे, भुंगेरे खाणारा हा पक्षी शेतकऱ्याच्या फायद्याचाच.

मग इतका नेहमीचा पक्षी मोजायचा कशाला?

कारण तो कमी होतोय. २०२३ साली आलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालानुसार सुमारे १२ वर्षांत देशातले नीलपंख जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हा अहवाल ३० हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. या नोंदी ‘ई-बर्ड’ या मोफत अ‍ॅपवर होतात. अडचण अशी की निरीक्षक पुण्या-मुंबईकडे जास्त. मंठा किंवा घनसावंगीच्या शिवारातून नोंदच आली नाही, तर तिथली घट दिसणार कशी?

समन्वयकाचं काम इथे सुरू होतं. मानधन नाही, सरकारी पद नाही. शाळा-कॉलेजांत जायचं, लोकांना अ‍ॅप शिकवायचं, कोण कुठल्या तळ्यावर वा माळावर जाणार हे ठरवायचं.

सगळ्यात जास्त वेळ जातो एक गोष्ट समजावण्यात. फक्त नीलपंख दिसला तेव्हाच नोंद करून भागत नाही. निदान १५ मिनिटं थांबून दिसलेले, ऐकू आलेले, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहायचे. कावळा, साळुंकीसुद्धा. अशा पूर्ण यादीत नीलपंख नसेल, तर ‘इथे दिसला नाही’ हीसुद्धा माहितीच ठरते. नुसत्या फोटोंतून हे कळत नाही.

अमेरिकेत ब्लूबर्डसाठी स्वयंसेवक लाकडी घरटी लावतात आणि विणीच्या काळात ती नियमित तपासतात. तिथली ब्लूबर्ड सोसायटी १९७८ची. आपल्याकडे नीलपंख मुख्यतः झाडांच्या ढोलीत वीण करतो, साधारण मार्च ते जूनमध्ये. त्यामुळे बांधावरचं जुनं, वठलेलं झाड सरपणासाठी तोडण्याआधी ढोली बघा, असं शेतकऱ्यांना सांगणं हेही समन्वयकाच्या वाट्याला येतं. ढोली सापडलीच, तर लोकेशनसह रील टाकू नका. गर्दी झाली की पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो.

सुरुवात करायला राज्यातला पक्षी सप्ताह सोयीचा. तो ५ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी सुरू होतो आणि १२ नोव्हेंबरला, सलीम अलींच्या जन्मदिनी संपतो. त्यानंतर फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जागतिक गणना असते. भारत त्यात २०१३ पासून आहे. दुर्बीण नसली तरी चालतं.