वडापचा आवाज

आमच्या पठारावर घड्याळं होती, पण वडापची वेळ कुणी घड्याळात बघत नसे. खिंडीत आबांच्या जीपचा आवाज आला की बायका गठुडी बांधायला घ्यायच्या. खिंडीतून थांब्यापर्यंत यायला गाडीला वीस मिनिटं लागत आणि वरच्या वाडीतनं पायी उतरायलाही तेवढीच. पाटणच्या बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला जायचं ते याच गाडीतनं. पावसाळ्यात एस.टी. आमच्याकडं फिरकायचीच नाही.

जीप आबांनी १९८६ साली एका कंत्राटदाराकडून जुनी घेतली होती. मूळची ही गाडी दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकेच्या लष्करासाठी घडवलेली. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात विलीज जीपची जोडणी सुरू झाली. तिचं इंजिन पेट्रोलचं. पेट्रोल परवडेना, तेव्हा देशी जीपमध्ये डिझेल इंजिनं बसू लागली. आमच्या गाडीत एमडी २३५० होतं, म्हणजे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. म्हणून तर आमची जीप चढाला लागली की लांबून नांगरट चालल्यासारखी वाटे.

१९८८ च्या जूनमध्ये सड्यावरच्या जांभ्याच्या दगडाला घासून सायलेन्सर फाटला. तसा तो आतनं कुजलाच होता. धुरात पाण्याची वाफ असते, ती गार डब्यात थिजते आणि पत्रा आतनं गंजत जातो. आम्ही गाडी कराडला मिस्त्रीकडं नेली.

सायलेन्सर म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मिस्त्रीनं जुना डबा कापून दाखवला. आत आडवे पडदे, भोकं पाडलेल्या नळ्या. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेतं तेव्हा सेकंदाला पन्नास दणके बाहेर पडतात. ते या कप्प्यांत एकमेकांवर आपटून मरतात. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रीव्ज बंधूंनी १८९७ साली तिचं पेटंट घेतलं. तिकडं याला मफलर म्हणतात, आपण थंडीत कानाला गुंडाळतो तोच शब्द.

मिस्त्रीपुढं दोन वाटा होत्या. कंपनीसारखा पडद्यांचा डबा, महाग. नाहीतर सरळ नळी, स्वस्त. खालच्या गावच्या एका वडापवाल्यानं तशी नळी बसवली होती आणि त्याची गाडी वाघासारखी गुरगुरायची. मी सतरा वर्षांचा. आबांच्या मागंच लागलो. "गाडी जास्त वढती म्हणत्यात, आबा."

मिस्त्री म्हणाला, "आवाज वाढंल. वढायचं म्हणशील तर ह्या इंजनाला कळणारबी न्हाय."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मग खिशातले पैसे मोजले आणि म्हणाले, "लाव नळी."

दोन महिने मी मागच्या फळीवर उभा राहून रुबाबात हिंडलो. शाळेपाशी गुरुजी हात करून थांबवायचे, शिकवणं ऐकू जात नाही म्हणून. आबा नळीबद्दल काही बोलायचे नाहीत. पण त्यांची मान चालवताना एका अंगाला कलायला लागली होती, हे मला नंतर आठवलं. तेलाच्या दाबाचा काटा कधीच मेला होता. गाडीचं दुखणं ते कानानंच ओळखायचे. नळीच्या दणक्यात कनेक्टिंगचं बेअरिंग वाजायला लागलेलं त्यांना ऐकूच आलं नाही.

ऐन बाजारच्या दिवशी, घाटाच्या मधल्या वळणावर इंजिन धाडकन बसलं. गाडीत अकरा माणसं, त्यात एक तापानं फणफणलेलं पोर. त्याला त्याच्या आईनं आणि मी आलटून पालटून खांद्यावर घेऊन पावसात उतरवलं. पोर वाचलं. इंजिन उतरवायला, क्रँक घासायला आणि नवी बेअरिंगं घालायला आमची दुभती म्हैस गेली. आबांनी मला एका शब्दानं टोकलं नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हैस नेली त्या दिवशी आई मात्र जेवली नाही.

गाडी परत उभी राहिली ती पडद्यांचा डबा घेऊनच. या वेळी आबांनी तो चेसीच्या आत, दगड लागणार नाही असा बसवून घेतला आणि मागची नळी उंच काढली. ओढ्यात नळीचं तोंड बुडालं तर रेस सोडायची नाही, धूरच पाणी बाहेर ढकलतो, हे त्यांनी मला तेव्हा शिकवलं. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, केंद्राचे मोटार वाहन नियम आले. त्यातल्या १२० व्या नियमानं गाडीला सायलेन्सर सक्तीचा केला, अगदी शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा. आमच्या भागात तो तपासायला कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

नवा डबा जुन्यापेक्षाही गप्प निघाला. वाडीतल्या लोकांना गाडी ऐकू येईना, दोन-तीनदा माणसं चुकली. मग आबा खिंडीत गाडी थांबवून तीनदा हॉर्न द्यायला लागले. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीला ते पटलं नाही. "हारन काय, कुणीबी वाजवतंय," म्हणायची, आणि तासभर आधीच थांब्यावर येऊन बसायची.