घाटाखालचा चिखल

धारवाडच्या वेशीबाहेर सोमेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तेथे जाण्याचा परिपाठ आपल्यातील पुष्कळ घरांत अजून टिकून आहे. देवळापाशी शाल्मला उगम पावते. उन्हाळ्यात तिची धार इतकी बारीक असते की हिला नदी का म्हणावे, असा प्रश्न मुले विचारतात. पुढे कलघटगीच्या बाजूस हुबळीकडचे पाणी तिला मिळते आणि ती बेडती होते. यल्लापूरजवळ मागोडच्या कड्यावरून ती उडी घेते आणि घाट उतरल्यावर गंगावळी या नावाने अंकोल्याच्या दक्षिणेस समुद्रास मिळते. आपल्या अंगणात पडलेल्या पावसाचा काही भाग अशा रीतीने कारवार जिल्ह्यातील कोळ्यांच्या आणि हालक्की शेतकऱ्यांच्या दाराशी जातो.

१६ जुलै २०२४ च्या सकाळी या गंगावळीकाठी शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गावर डोंगर कोसळला. दरडीचा मोठा भाग नदीत गेला आणि उसळलेले पाणी पलीकडच्या तीरावरील उळुवरे या वाडीत शिरले. एका तीरावर डोंगर ढासळावा आणि मरण पलीकडच्या तीरावर जावे, हा प्रकार आम्ही तोवर ऐकला नव्हता. या दुर्घटनेत अकरा जण गेले. केरळचा एक लॉरीचालक लॉरीसह नदीत गडप झाला होता; त्याचा शोध सप्टेंबरअखेरीपर्यंत चालला आणि गोव्याहून गाळ काढणारे यंत्र आणल्यावर, २५ सप्टेंबरला, लॉरी सापडली. सरकारी यंत्रणा होतीच, पण मलपे येथील पाणबुडे स्वखुशीने त्या गढूळ प्रवाहात उतरले, हेही सर्वांनी पाहिले. हुबळीहून अंकोल्यास जाणारा रस्ता आपल्या पायाखालचा. तरी त्या दिवसांत आपल्यापैकी किती जण तेथे गेले, असे आम्ही स्वतःस विचारले, तेव्हा उत्तर फारसे अभिमानाचे नव्हते. म्हणून आठवण झाली ती २०२१ ची, कारण त्या वर्षी आपण निदान हललो होतो.

घाटाखालच्या मुलुखाशी आपले नाते काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. काही घरे पटवर्धनांच्या सरदारकीबरोबर आली, काही इंग्रजी अंमलात मामलेदार-शिरस्तेदार-वकील म्हणून, काही सदर्न मराठा रेल्वेच्या हुबळीच्या कारखान्यामुळे. मराठा व अन्य समाजांची घरे देशावरून आली. त्यांची मुळे सातारा-कोल्हापूरकडे. परंतु ज्यांचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा गणपती किंवा वेळणेश्वर आहे, अशी घरेही या दोन शहरांत थोडी नाहीत. धारवाड १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होते. उत्तर कानडा जिल्हाही १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबईकडे आला होता. रत्नागिरी, कारवार आणि धारवाड ही नावे तेव्हा एकाच सरकारी गॅझेटात वाचली जात. आज ती दोन राज्यांत आहेत, पण पाऊस सह्याद्रीच्या एकाच धारेवर पडतो.

२०२१ च्या २२ जुलैस चिपळूण बुडाले. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबला नव्हता. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी, वर समुद्राची भरती, आणि शिवाय कोयनेचे अवजल. कोयना मुळात कृष्णेची उपनदी; वीज करण्यासाठी तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळविले असून पोफळी-कोळकेवाडीमार्गे ते वाशिष्ठीस मिळते. त्या रात्री या पाण्याचा वाटा किती, यावर चिपळूणकरांत आणि पाटबंधारे खात्यात पुष्कळ वाद झाला. त्यात शिरण्याचा आमचा अधिकार नाही. बाजारपेठेत काही ठिकाणी पहिला मजलाही सुरक्षित राहिला नाही. एस. टी. आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड उराशी धरून बुडालेल्या गाडीच्या टपावर तासन् तास बसून होते, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये हे गाव दरडीखाली गेले आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली.

आपणांकडे बातमी आली ती दूरदर्शनवरून आणि नातेवाइकांच्या बंद पडलेल्या फोनवरून. फोन लागत नाही, एवढीच पहिली बातमी. आम्ही पाच-सात घरांनी मिळून धान्य, कपडे, पांघरुणे गोळा करण्याचे ठरविले आणि तीन दिवसांत एका वाड्याची ओसरी भरून गेली. ती ओसरी पाहून आम्हांस जे वाटले ते स्पष्ट लिहितो. निम्म्याहून अधिक कपडे असे होते की ते कोणी आपल्या घरच्या मोलकरणीसही दिले नसते. काठ फाटलेल्या रेशमी साड्या, बटणे नसलेले कोट, लहान मुलाचा एकच बूट. देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. कपाट रिकामे करणे आणि दान करणे यांतील भेद ज्याचा त्याने तपासावयाचा असतो, तो तपासला गेला नव्हता. आमच्या घरचे गाठोडेही त्याला अपवाद नव्हते.

ही चूक नवी नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, विशेषतः नागपट्टिनमकडे, देशभरातून आलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले होते. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनाही ते अंगावर घालावेसे वाटले नाहीत. पुढे दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने त्या कापडाचे निवडून उपयोग शोधले, म्हणून त्याचे काही तरी झाले. हे ठाऊक असूनही आपण तेच केले.

सामान निघेना, कारण रस्ता नव्हता. निपाणीजवळ यमगर्णीस वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, कोल्हापूरच्या शिरोलीस पंचगंगेचे. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्येही हेच झाले होते. खाली उतरावे तर यल्लापूरच्या पुढे अरबैल घाट खचलेला. त्या सक्तीच्या विश्रांतीत आमच्यातील एका वडीलधाऱ्या काकांनी चिपळूणच्या आपल्या भाच्यास कसाबसा फोन लावला आणि विचारले, काय पाठवू? पलीकडून उत्तर आले: "काका, कपडे नकोत. फावडी पाठवा. आणि खराटे."

पूर ओसरला की त्या गावात गुडघाभर चिखल उरतो, आणि तो साधा चिखल नसतो. त्यात गटार असते, डिझेल असते, दुकानातील भिजलेले धान्य व मेलेली जनावरे असतात. दोन दिवस ऊन पडले की तो सिमेंटसारखा धरतो. तो ओला असतानाच काढावा लागतो, आणि हा चिखल यंत्राने निघत नाही, कारण यंत्र स्वयंपाकघरात जात नाही. म्हणून आम्ही यादी फाडली आणि नवी केली: फावडी, घमेली, खराटे, रबरी बूट, फिनाइल, चुन्याची पोती, मेणबत्त्या, नवी अंतर्वस्त्रे आणि बायकांस लागणारे कापडी सामान. शेवटच्या दोन गोष्टी सुचविल्या त्या आमच्या घरांतील स्त्रियांनी. पुरुषमंडळींच्या यादीत त्या आल्याच नव्हत्या. जुन्या कपड्यांतून धड निघाले ते अवघे दोन पेट्या.

येथे थोडे मागे जावेसे वाटते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. त्याच्या आरंभीच्या सभासदांत गोपाळ कृष्ण देवधर (१८७१-१९३५) होते. रमाबाई रानड्यांच्या बरोबरीने पुण्याच्या सेवासदनाची उभारणी करणारे तेच हे गृहस्थ. १९२१ च्या मोपला बंडानंतर मलबारात हजारो माणसे निराश्रित झाली, तेव्हा देवधर तेथे गेले. आपत्ती मनुष्यकृत होती, निसर्गाची नव्हे. तरी तेथे जी घडी बसली ती पुढे उपयोगी पडली. १९२४ च्या जुलैत केरळात महापूर आला. कोल्लम शकाचे ते १०९९ वे वर्ष, म्हणून मल्याळी माणसे त्यास आजही 'नव्व्याण्णवचा पूर' म्हणतात. मुन्नारची डोंगरी रेल्वे त्यात कायमची गेली. तेव्हा गांधीजींनी आपल्या पत्रांतून मदतीचे आवाहन केले आणि समाजाची माणसे पुन्हा मलबारात कामास लागली.

पुण्याचा एक मराठी माणूस, मल्याळम् भाषा न येणारा, त्या किनाऱ्यावर काय करू शकला? देवधर सहकारी चळवळीतील होते. अन्नछत्र हा त्यांच्या दृष्टीने कामाचा आरंभ होता, शेवट नव्हे. मदतकार्य संपल्यावर ते गाशा गुंडाळून परतले नाहीत. मलबारच्या पुनर्रचनेसाठी त्यांच्या नावाने विश्वस्त संस्था उभी राहिली, तिने शाळा काढल्या. समुद्रकाठच्या तानूर गावी त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. देवधर कोण, हे पुण्यात विचारले तर किती जण सांगतील याची शंका आहे. तानूरमध्ये ते नाव शाळेच्या फाटकावर आहे. मराठी माणसाच्या परमुलुखातील कर्तृत्वाचा इतिहास लिहिताना आपण अटकेपार जातो आणि मलबार विसरतो, ही आमची जुनी तक्रार आहे.

चिपळूणकडे वळतो. आमची गाडी ऑगस्टमध्ये घाट उतरली. करोनाचे दिवस, महाराष्ट्रातून कर्नाटकात परतताना तपासणीचा दाखला लागे, म्हणून जाणाऱ्या तरुणांनी परतीची सोय आधी पाहिली आणि मग फावडी उचलली. ते सहा जण होते, चौघे मराठी घरांतले आणि दोघे त्यांचे कन्नड मित्र. या दोघांस मराठी जेमतेम येत होते, पण शेजारच्या माणसाकडे घमेले सरकविण्यास भाषा लागत नाही. ते चार दिवस राहिले आणि एका आळीतील नऊ घरे धुऊन आले. आकडा लहान आहे, हे आम्ही जाणतो. साऱ्या महाराष्ट्रातून आलेल्या स्वयंसेवकांपुढे तो नगण्यच. गंमत म्हणजे त्यातील अनेक जण अशा सांगली-कोल्हापूरकडचे होते जेथे त्याच आठवड्यात स्वतःच्या घरांत पाणी होते.

आम्हांस सर्वांत जास्त लागली ती पुस्तकांची वार्ता. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २६ जुलै २००५ ला, ज्या दिवशी मुंबईत सांताक्रुझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळीही वाशिष्ठीने हे ग्रंथालय बुडविले होते. हजारो पुस्तके गेली. चिपळूणकरांनी ते पुन्हा उभे केले, इतके की जानेवारी २०१३ मध्ये त्याच संस्थेने ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद घेतले. नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. आठ वर्षांनी पाणी पुन्हा आत आले. ज्यांनी भिजलेले पुस्तक हाती घेतले आहे त्यांस ठाऊक आहे: पाने एकमेकांस चिकटतात, पुठ्ठा फुगतो आणि फडताळच फोडावे लागते. महत्त्वाचे पुस्तक वाचवावयाचे तर ते ताबडतोब सावलीत, पाना-पानांत टीपकागद घालून वाऱ्यावर सुकवावे लागते. जेथे माणसांस प्यावयास पाणी नाही तेथे टीपकागद कोठून आणणार? धारवाडच्या वाड्यांत पोटमाळ्यावर जी जुनी मासिके आणि ग्रंथ आहेत, त्यांची यादीसुद्धा आपण केलेली नाही. आपल्याकडे वाशिष्ठी नाही, वाळवी आहे.

स्वयंसेवा म्हणजे पहिल्या पंधरवड्यातील धावपळ, असा आपला समज असतो. तो चिपळूणकरांनीच खोडून काढला. त्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने वाशिष्ठी आणि शिव नद्यांतील गाळ काढावा, यासाठी साखळी उपोषण आरंभिले आणि ते आठवडेच्या आठवडे चालविले. पुढे शासनाने यंत्रे दिली. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांची 'नाम' संस्थाही गाळ उपसण्यात उतरली. व्यापारी, डॉक्टर, गृहिणी मांडवात आळीपाळीने बसल्या. फावड्याने घरातला चिखल काढता येतो, नदीतला नाही. तो काढवून घ्यावा लागतो. देवधरांस हे पटले असते, असे आम्हांस वाटते.

आणि आता गंगावळी. शिरूरला उशिरा का होईना, आपल्यातील दोघे-तिघे जाऊन आले. उळुवरे येथे पाण्याने मोडलेली घरे होती, आणि तेथील माणसे आपल्याशी कोकणी-कन्नड मिश्रित बोलत होती, जी आपल्या आजीस समजली असती. पुढील पावसाळ्यापूर्वी अंकोल्याच्या ओळखीच्या माणसांचे फोन क्रमांक, तेथे काय लागते याची त्यांनीच सांगितलेली यादी, आणि अरबैल बंद झाला तर जावयाचा दुसरा रस्ता, एवढे तरी एका वहीत लिहून ठेवावे, अशी सूचना सभासदांपुढे ठेवीत आहोत. चिपळूणहून परत आलेली अकरा फावडी हुबळीस एका सभासदाच्या वाड्यात, न्हाणीघरामागे आहेत. बारावे तेथेच राहिले. दोहोंचे दांडे बदलावे लागतील.