अप्सरा आणि आसरा

इंग्रजी कादंबऱ्यांच्या दुकानांत हल्ली समुद्रकन्यांचा मोठा भरणा दिसतो. गाण्याने पुरुषाला भुलविणारी, त्याच्यावर जीव जडविणारी आणि प्रसंगी त्याचा जीवही घेणारी अशी ही नायिका. तिला म्हणतात सायरन. आपण पुणेकर सायरन म्हणजे भोंगा समजतो. तेही अगदीच चूक नव्हे, कारण १८१९ साली फ्रान्समध्ये त्या यंत्राला हे नाव मिळाले ते या ग्रीक गायिकांवरूनच. असल्या दोनचार कादंबऱ्या आम्हीही कुतूहलाने वाचल्या, आणि वाचताना सारखे वाटत राहिले की, ही बाई आपल्या ओळखीची आहे.

होमरच्या 'ओडिसी'त या गायिका कुरणात बसलेल्या असतात व भोवती माणसांच्या हाडांचा खच असतो. माशाची शेपटी त्यांना पुष्कळ पुढे, मध्ययुगात लागली. प्राचीन ग्रीक चित्रांत त्यांचे मुख स्त्रीचे आणि अंग पक्ष्याचे आहे. आता आपले शतपथ ब्राह्मण पाहा. अट मोडली म्हणून उर्वशी निघून जाते, पुरूरवा वेडापिसा होऊन तिला शोधतो, आणि ती त्याला सापडते एका सरोवरात, इतर अप्सरांबरोबर पाणपक्ष्याच्या रूपाने पोहताना! ग्रीकांकडून आपण घेतले की आपल्याकडून त्यांनी, या वादात आम्ही पडत नाही. पाणी, पक्षी आणि जीवघेणी स्त्री ही तिन्ही दोन्हीकडे आहेत, एवढे खरे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पंचाण्णवावे सूक्त म्हणजे या दोघांचा संवाद. तो मरणाची भाषा बोलतो. ती मात्र परत येत नाही. पुण्यातच राहून ज्यांनी गणिताबरोबर प्राचीन इतिहासाचाही अभ्यास केला, त्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात या संवादाचा अर्थ फार निराळा लावला. त्यांच्या मते ही विरहकथा नव्हे. पूर्वी पुत्रप्राप्तीनंतर पुरुषाचा खरोखरच बळी दिला जाई, त्या विधीची ही उरलेली खूण होय. हा अर्थ सर्वांना पटेलच असे नाही. परंतु तो ध्यानात ठेवून सूक्त वाचले की पुरूरव्याच्या विनवण्यांना निराळीच धार येते.

कालिदासाने ती धार बोथट केली. 'विक्रमोर्वशीया'च्या शेवटी इंद्राच्या कृपेने उर्वशी राजाजवळ राहते आणि सर्व गोड होते. नाटक आम्हांला प्रिय आहे, पण ही उर्वशी कोणाला भिववीत नाही. मराठी कादंबरीने हाच गोडवा उचलला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. तीत संकटे पुष्कळ, पण नायिका पतिव्रता. पुढे नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' लिहिली. हे नाव पुराणांतील अप्सरेचे. अर्थ मधुर आवाजाची. प्रस्तावनेत ते तक्रार करतात की, आपल्या लोकांच्या आयुष्यात, आपल्या विवाहाच्या रीतीमुळे, रंजक असे काही घडतच नाही. म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. या तक्रारीला उत्तर मिळाले ते हरिभाऊ आपट्यांकडून. १८९० साली 'करमणूक' निघाले, त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः आली, आणि साध्या घरातच केवढे भय भरलेले असते ते वाचकांनी पाहिले.

पण रिसबुडांना घराबाहेरचेही दिसले नाही, असे आम्हांला राहून राहून वाटते. ज्या अद्भुतासाठी ते कल्पित राजवाडे धुंडाळीत होते, ते नदीवर धुणे घेऊन जाणाऱ्या बायकांना पाठ होते. डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या साती आसरा. 'आसरा' हा 'अप्सरा' याच शब्दाचा अपभ्रंश. पुष्कळ ठिकाणी जवळच म्हसोबा असतो. आसरांची खणानारळाने ओटी भरतात, हिरव्या बांगड्या वाहतात, आणि त्यांना भितातही. कारण त्या धरतात, झपाटतात, डोहात ओढतात, अशी समजूत आहे. काव्यातून हद्दपार झालेली जुनी उर्वशी इथे, पाण्याकाठी, बायकांनी सांभाळून ठेवली. तिच्यावर कादंबरी कोणी लिहिल्याचे आम्हांला ठाऊक नाही. नवी नवरी मात्र डोहावरून जाताना अजूनही कुठे कुठे तिला हळदकुंकू वाहून पुढे जाते.