घर तपासणाऱ्याची चूक झाली तर भरणार कोण?

मंडळी, जुना फ्लॅट घेताना आपण काय बघतो? इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, पाणी किती वाजता येतं, पार्किंग आहे का. कॉलममधलं लोखंड गंजलंय का, हे बघायला पैसे देऊन जाणकार नेलेला मी तरी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही. अमेरिकेत मात्र हा स्वतंत्र धंदा आहे. त्याला होम इन्स्पेक्टर म्हणतात. हा धंदा कायद्याच्या चौकटीत कसा आला, ते आज सांगतो. कारण त्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

मे १९७६. कॅलिफोर्नियातल्या डायाब्लो गावात एका बाईंनी १ लाख ७० हजार डॉलरला घर घेतलं. एक एकर जागा, मोठं घर, पोहण्याचा तलाव. थोड्याच दिवसांत जमीन सरकली आणि घराला तडे गेले. घर भरावाच्या जमिनीवर होतं आणि तो भराव नीट दाबलेलाच नव्हता. आधीही तिथे जमीन खचली होती, पण विकणाऱ्याने ते सांगितलं नाही. गंमत बघा, एजंटांना गेस्ट हाऊसची जमीन वाकडी दिसली होती, उतारावर जाळी लावलेलीही दिसली होती. तरी मातीची तपासणी करा, असं कुणी म्हटलं नाही.

हा खटला ‘ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर’ म्हणून ओळखला जातो. १९८४ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की माहीत असलेला दोष सांगणं एवढंच ब्रोकरचं काम नाही. घर नीट डोळ्यांखालून घालून जे दिसेल ते गिऱ्हाइकाला सांगणं हीसुद्धा त्याची जबाबदारी आहे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला. आता जबाबदारी अंगावर आली म्हटल्यावर एजंटच गिऱ्हाइकाला सांगू लागले, बाबा, आधी इन्स्पेक्टर बोलाव.

इन्स्पेक्टरांची संघटना १९७६ पासून होती, तिचे नियमही होते. पण संघटनेबाहेर कुणीही टॉर्च घेऊन ‘मी इन्स्पेक्टर’ म्हणू शकत होता. टेक्सासने ऐंशीच्या दशकात त्यांना सरकारी नियमांखाली आणलं आणि पुढे लायसन्स सक्तीचं झालं. तरी प्रश्न उरलाच. लायसन्सवाल्याची चूक झाली तर? आधी लायसन्सधारकांच्या पैशातून भरपाईचा निधी होता. २००७ पासून विमा सक्तीचा झाला, एका घटनेला किमान १ लाख डॉलरचा.

हा विमा म्हणजे काय, तेही समजून घ्या. तपासताना इन्स्पेक्टरचा पाय छतातून आरपार गेला, तर ते नुकसान साध्या दायित्व विम्यात येतं. पण गळका पाइप त्याच्या नजरेतून सुटला आणि सहा महिन्यांनी भिंत कुजली, तर त्यासाठी व्यावसायिक चुकीचा वेगळा विमा लागतो.

कॅलिफोर्नियाने आजही लायसन्स ठेवलेलं नाही. त्यांनी १९९६ मध्ये वेगळा कायदा केला. ज्या घराची तपासणी केली, त्याच्या दुरुस्तीचं काम वर्षभर पैसे घेऊन करायचं नाही. आणि ‘माझी जबाबदारी फक्त फीपुरती’ असं करारात लिहिलं तरी ते कोर्टात चालत नाही. वाट वेगळी, पण सवाल तोच: चूक झाली तर भरणार कोण?

आता आपल्याकडे या. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, १६ जणांचा जीव गेला. बिल्डर, सल्लागार, नगरपालिकेचे अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. महापालिका कायद्यात कलम २६५ अ आहे. ३० वर्षं झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करायची, असं ते सांगतं. महाडची इमारत तीस वर्षांच्या जवळपासही नव्हती. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची आहे. त्यात बिल्डरच्या विम्याचं कलम १६ सुद्धा आहे, पण सरकार अधिसूचना काढेल तेव्हाच ते लागू होतं. पाच ते तीस, या मधल्या पंचवीस वर्षांत तुमचा फ्लॅट कोण तपासतो?

गुन्हा दाखल झाल्याने कदाचित कुणी तुरुंगात जाईल. पण ज्याचं घर गेलं त्याचा होम लोनचा हप्ता थांबत नाही. विमा थोडा तरी भार उचलतो, आणि विमा कंपनीला पैसे भरावे लागले की ती स्वतःच विचारू लागते की हा माणूस काम नीट करतो का.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. फ्लॅट घेण्याआधी इंजिनिअर न्या. त्याचा नोंदणी क्रमांक विचारा, व्यावसायिक विमा आहे का विचारा, अहवाल लेखी मागा. आणि दुरुस्तीचं काम त्यालाच देऊ नका. ऑडिट करणाऱ्याला विमा सक्तीचा का नाही, हे आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला एकदा विचाराच.

तुमच्या सोसायटीचं ऑडिट झालंय का? कमेंटमध्ये सांगा.